सोलापूरहून विमानाला नेमका किती वेळ लागतो? अंतर आणि वेळ घरबसल्या कशी काढायची

सोलापूर ते मुंबई विमानाने किती वेळ, असं मोबाईलवर टाकून बघा. २७ मिनिटांपासून दीड तासापर्यंत काहीही उत्तर येतं, आणि गंमत म्हणजे सगळी उत्तरं आपापल्या जागी बरोबर असतात. कोण कशाचं उत्तर देतंय हे मात्र कुणी सांगत नाही, आणि तिथेच आपल्यासारख्या माणसाची फसगत होते.

माझी झाली म्हणून सांगतो. मामांना मुंबईला दादरला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी तिकीट काढायच्या आधीच एका अंतर सांगणाऱ्या साइटवर बघितलं, तिथं मोठ्या अक्षरात फ्लाइट टाइम २७ मिनिटं. म्हटलं अर्धा तास धरू, वर एक तास टॅक्सीला देऊ, आणि त्या हिशोबाने डॉक्टरची वेळ घेऊन मोकळा झालो. मामा म्हणाले, "सत्तावीस मिनिटात मी आसरा चौकातून नव्या पेठेत पोचत नाही बे, मुंबईला कुठला पोचतोय." मी हसलो. शेवटी आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा आमचा नंबर जाऊन बराच वेळ झालेला, आणि मामा सगळ्यात शेवटी आत गेले. त्यानंतर मी हा हिशोब नीट शिकून घेतला. अवघड काही नाही, दहावीचं गणित आहे, कागद-पेन आणि फोन पुरे.

आधी कोड बघा, मग गाव

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. सोलापूरचा एसएसई. होटगी रोडचा आपला जुनाच विमानतळ, त्याच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन पंतप्रधानांनी २९ सप्टेंबर २०२४ ला ऑनलाइन केलं. बोरामणीचा जो मोठा विमानतळ आपण वर्षानुवर्षं ऐकतोय तो वेगळा विषय, काही नकाशांवर बोरामणीला पिन दिसते तिच्यावर बोट ठेवून अंतर मोजू नका.

गावाच्या नावाने शोधलं की घोळ होतो. कोल्हापूर आणि सोलापूर यांच्यात बाहेरच्या लोकांचा गोंधळ नेहमीचाच, पण साइटसुद्धा तोच गोंधळ घालतात, कोल्हापूरचा कोड केएलएच आहे हे लक्षात ठेवा. त्याहून मोठा घोळ गोव्याचा. गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स. आपलं सोलापूर-गोवा विमान जून २०२५ मध्ये सुरू झालं ते मोपाचं. मोपा उत्तरेला पेडण्याकडे, दाबोळी खाली वास्कोजवळ. सोलापूरपासून हवाई अंतरातच दोन्हींमध्ये तीसेक किलोमीटरचा फरक पडतो आणि खाली उतरल्यावर टॅक्सीत तर विचारूच नका. मडगावला लग्नाला जायचं असेल तर मोपावरून पुढं सगळा गोवा उभा पार करावा लागतो. मुंबईचंही आता तसंच झालंय, त्यावर शेवटी येतो.

अंतर कसं काढायचं

सोपी पद्धत आधी. फोनवर गुगल मॅप उघडा, होटगी रोडच्या धावपट्टीवर बोट दाबून धरा, लाल पिन पडली की खालचं पान वर ओढा, त्यात अंतर मोजा असा पर्याय असतो. तो दाबायचा आणि नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळापर्यंत न्यायचा. कॉम्प्युटरवर असाल तर राइट क्लिक केलं की तोच पर्याय येतो. जे येतं ते हवाई अंतर, म्हणजे सरळ दोरी ताणल्यासारखं.

पण मला कागदावरची पद्धत जास्त आवडते कारण त्यात आकडा कुठून आला ते कळतं. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश मिळतात, नकाशात पिनवर दाबलं की दिसतात. सोलापूर १७.६३ आणि ७५.९३. मोपा १५.७४ आणि ७३.८६. आता पहिल्यातून पहिला वजा करा, १.८९ आला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर, कुठेही गेलात तरी, म्हणून १.८९ गुणिले १११ म्हणजे २१० किलोमीटर दक्षिणेकडे. दुसऱ्यातून दुसरा वजा करा, २.०७. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो, विषुववृत्तावर १११ असतो आणि ध्रुवाकडे जाताना बारीक होत होत शून्य होतो, कलिंगडाच्या फोडीसारखं, मध्ये जाड आणि टोकाला निमुळती. आपल्या पट्ट्यात १०६ धरा, चालतं. २.०७ गुणिले १०६ म्हणजे २१९ किलोमीटर पश्चिमेकडे. आता काटकोन त्रिकोण झाला, पायथागोरस लावा. २१० चा वर्ग ४४१००, २१९ चा वर्ग ४७९६१, बेरीज ९२०६१, त्याचं वर्गमूळ ३०३. झालं की. सोलापूर-मोपा तीनशे किलोमीटरला तीन-चार जास्त.

पृथ्वी गोल आहे मग सरळ रेषा कशी चालेल, असं एकाने मला विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे, पण पाच-सातशे किलोमीटरच्या आत त्या गोलाईने जेमतेम एखादा किलोमीटर इकडेतिकडे होतो. मुंबईहून न्यूयॉर्कचं काढायचं असेल तेव्हा ही पद्धत गुंडाळून ठेवा, तिथं ग्रेट सर्कलचं, म्हणजे गोलावरच्या सगळ्यात जवळच्या वाटेचं, सूत्र लागतं आणि ते साइटवरच टाकलेलं बरं.

मुंबईचं तसंच काढा. १९.०९ आणि ७२.८७. फरक १.४६ आणि ३.०६, म्हणजे १६२ किलोमीटर उत्तरेला आणि ३२४ किलोमीटर पश्चिमेला, उत्तर ३६२ किलोमीटर. यात मला एक मजा सापडली. पुण्याचा लोहगाव विमानतळ घेतला, सोलापूर-लोहगाव निघालं २३८ आणि लोहगाव-मुंबई १२४, बेरीज परत ३६२! म्हणजे सोलापूर-मुंबई दोरी ताणली तर ती बरोब्बर लोहगावच्या डोक्यावरून जाते. वाटेत उजनीचं पाणीही तिच्या उजव्या हाताला येतं. आपली रेल्वे आणि हायवे पुण्यावरून जातात म्हणून आपण वळसा मारतो असं मला उगाच वाटायचं, तर तसं काही नाही, पुणं वाटेतच आहे.

आता हे अंतर रस्त्याच्या अंतराशी लावून बघा, कारण खरा उपयोग इथं आहे. मुंबई रस्त्याने चारशेच्या आसपास, हवाई ३६२. फरक दहा टक्के. म्हणजे रस्ता सरळच आहे, विमानाला अंतरात फार काही वाचवता येत नाही, वाचेल तो फक्त वेगाने. रेल्वेने मात्र सीएसएमटी ४५५ किलोमीटर आहे, तिकिटावर छापलेलं असतं. गोव्याचं उलट. रस्त्याने विजापूर-बेळगाववरून जा नाहीतर कोल्हापूर-आंबोलीवरून, चारशेच्या पुढंच जातं, आणि शेवटचे साठ-सत्तर किलोमीटर घाटाची वळणं, त्यात लहान पोरं मागच्या सीटवर उलट्या करतात तो वेळ वेगळा. सरळ रेषेत तेच तीनशे. विमान सह्याद्रीवरून सरळ जातं, त्याला घाट नाही. म्हणून माझं सरळ मत आहे, आपल्याकडून विमानाचा जास्त फायदा गोव्याला होतो, लोक मात्र मुंबईच्या विमानाचंच कौतुक करतात.

अंतराला आणखी एक महत्त्व आहे ते पैशाचं. छोट्या गावांना स्वस्तात विमान देणारी केंद्राची उडान योजना सुरू झाली तेव्हा तिचा मूळ हिशोबच अंतरावर होता, साधारण पाचशे किलोमीटर किंवा तासाभराचा प्रवास, ठराविक सीट २५०० रुपयात. पुढं दर बदलत गेले, पण टप्प्याचं अंतर वाढलं की भाड्याची मर्यादा वाढते हे तत्त्व तेच.

वेग कुठला धरायचा

इथं साइटवाले गंडवतात. गंडवतात म्हणजे काय, ते सगळ्या विमानांना एकच वेग लावतात, ताशी आठशे वगैरे. ३६२ भागिले ८०० करा, तासाच्या साठ मिनिटांनी गुणा, २७ मिनिटं. हेच ते माझे २७. त्या गणितात विमान होटगी रोडवर उभं असतानाच आठशेच्या वेगात आहे आणि मुंबईत त्याच वेगात थांबतंय. बसवाल्यालासुद्धा गेअर टाकायला वेळ लागतो ओ.

आधी विमान कुठलं ते बघा, तिकिटावर किंवा बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं. गोव्याला जाणारं फ्लाय९१ चं विमान एटीआर ७२, पंख्याचं. पंखे बाहेर दिसतात, आवाज घुमतो, आणि वर गेल्यावर ताशी पाचशेच्या आसपास जातं. मुंबईला ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरने सुरू केलं ते एम्ब्राएर १७५, ७६ सीटचं छोटं जेट, ते ताशी आठशेपर्यंत जाऊ शकतं. जाऊ शकतं म्हणालो, कारण एवढ्या छोट्या अंतरात त्याला तो वेग फार वेळ मिळतच नाही.

का मिळत नाही ते बघा. समजा विमान २४ हजार फुटांवर गेलं. उतरताना पायलट लोकांचा एक ठोकताळा असतो, हजार फुटांमागे तीन नॉटिकल मैल. २४ चे ७२ नॉटिकल मैल, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १८५२ मीटर, तर ७२ चे झाले १३३ किलोमीटर. म्हणजे मुंबई १३३ किलोमीटर लांब असतानाच विमान खाली यायला लागतं. आपल्या त्या दोरीवर बघितलं तर पुणं येतं न येतं तोच. चढायला पण शंभर-सव्वाशे किलोमीटर जातात. ३६२ मधून हे दोन्ही काढलं की आडवं सरळ उडायला राहिले शंभरेक किलोमीटर, आठ-दहा मिनिटं. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटच्या वर वेग ठेवायचा नसतो, म्हणजे ताशी साडेचारशे किलोमीटरच्या जवळपास. सगळी सरासरी तिथंच बसते.

म्हणून मी माझ्यापुरता एक हिशोब बसवलाय. जेट असेल तर किलोमीटरला १३ ने भागायचं आणि वर ३० मिनिटं टाकायची. पंख्याचं असेल तर ८ ने भागायचं आणि २५ टाकायची. १३ आणि ८ म्हणजे मिनिटाला किती किलोमीटर, आणि ती ३० किंवा २५ मिनिटं म्हणजे गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणीतला कमी वेग, वळसे, आणि उतरल्यावर परत गेटपर्यंत रांगणं. मुंबई, ३६२ भागिले १३ म्हणजे २८, अधिक ३०, अठ्ठावन्न मिनिटं. मोपा, ३०३ भागिले ८ म्हणजे ३८, अधिक २५, एक तास तीन मिनिटं. बेंगळुरू हवाई सव्वापाचशे, जेटने चाळीस अधिक तीस, एक तास दहा. बघा म्हणजे, मुंबईपेक्षा बेंगळुरू दीडपट लांब पण वेळ फक्त बारा-तेरा मिनिटं जास्त. छोट्या अंतरात किलोमीटरचा भाव कमी आणि चढउताराचा जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की २७ मिनिटं वगैरे वाचून हसूच येतं.

तिकिटावर जी सुटायची आणि पोचायची वेळ असते ती गेट ते गेट असते, ब्लॉक टाइम म्हणतात तिला. त्यात कंपन्या थोडी मोकळीक धरूनच ठेवतात, म्हणून माझ्या आकड्यापेक्षा तिकिटावर दहा-पंधरा मिनिटं जास्त दिसली तर घाबरू नका. आणि हवेतला वेळ, चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत, हा त्याहून कमी असतो. मुंबईच्या बाबतीत हवेतला वेळ पाऊण तासाच्या आसपास धरा. साइट तिसरंच काहीतरी सांगते. म्हणजे एकाच प्रवासाचे तीन आकडे, आणि तिन्हींना लोक फ्लाइट टाइमच म्हणतात.

जाताना वेगळा, येताना वेगळा

मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, तिला ०९ आणि २७ म्हणतात, म्हणजे ९० अंशाची आणि २७० अंशाची दिशा. वारा बहुतेक पश्चिमेचा, समुद्रावरून, आणि विमान उडताना-उतरताना वाऱ्याला तोंड देऊन असतं. म्हणून आपण सोलापूरहून जातो तेव्हा विमान पूर्वेकडूनच आत घुसतं, घाटकोपरच्या छपरांवरून थेट धावपट्टीवर. येताना उलटं. मुंबईहून विमान समुद्राकडे उडतं, सोलापूरच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला, आणि मग वळसा घालून माघारी येतं. खिडकीत बसलेल्यांना वाटतं पायलट चुकला की काय. पण मुंबईला उतरतानाची रांग मोठी असते, वर घिरट्या घालायला लावल्या तर जाताना वाचलेलं सगळं तिथंच जातं. आमचं विमान दोन गोल चकरा मारून उतरलं, मामा म्हणाले, "पार्किंग शोधतोय वाटतं."

वाऱ्याचं लोक फार सांगतात. लांबच्या प्रवासात खरं आहे ते, आपल्याकडे फारसं नाही. हिशोब करून बघा, पावसाळ्यात गोव्याला जाताना समोरून ताशी ४० चा वारा आहे असं धरा. पाचशेचा वेग जमिनीवर ४६० झाला. ३०३ किलोमीटरला आधी ३६ मिनिटं लागत होती, आता चाळीसला अर्धं मिनिट कमी. तीन मिनिटांचा फरक. तेवढा तर दरवाजा लावताना एखादा बॅग वर कोंबत बसला की जातो.

उन्हाचं मात्र बोलायला हवं, सोलापूरचं ऊन आहे ते. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, विमानाला पळायला धावपट्टी जास्त लागते. त्यात आपण समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटरच्या वर. त्यामुळे भर दुपारी कंपनीला वजनाचा विचार करावा लागू शकतो. वेळेत फरक पडत नाही, पण दुपारचं विमान खाली-वर हलतं खूप. पोटाचा त्रास असेल तर सकाळचं मिळतंय का बघा.

आता विषय निघालाच आहे तर आपल्या विमानाच्या वाटेत येणाऱ्या कारखान्याच्या चिमणीचं पण सांगतो, कारण तोही अंतर आणि उंचीचाच हिशोब आहे. विमान उतरताना साधारण तीन अंशांच्या उताराने येतं. तीन अंश म्हणजे एका किलोमीटरला ५२ मीटर. धावपट्टीपासून एक किलोमीटरवर विमान ५२ मीटर उंच असतं, दोन किलोमीटरवर १०५. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या को-जनरेशनची चिमणी नव्वदेक मीटरची होती. आता तुम्हीच मांडा. वर सुरक्षित अंतर सोडायचं म्हटलं की गणित बसतच नव्हतं. १५ जून २०२३ ला ती पाडली, सगळ्या सोलापूरने मोबाईलवर तो व्हिडिओ बघितला. पाडायला हवी होती की नव्हती यावर आमच्या कट्ट्यावर अजून भांडणं होतात, त्यात मी पडत नाही, शेतकऱ्यांची बाजूही होतीच. पण भांडणाऱ्यांपैकी कुणी ५२ मीटरचा हिशोब केलेला मी बघितला नाही.

खरा वेळ तपासून बघा

माझ्या सूत्रावर पण विश्वास ठेवू नका. फ्लाइटरडार२४ नावाचं ॲप आहे, त्यात विमानाचा नंबर टाकला, तिकिटावरचाच, की मागच्या काही दिवसांचा इतिहास दिसतो. त्यात एसटीडी म्हणजे ठरलेली सुटायची वेळ, एटीडी म्हणजे प्रत्यक्ष उडालं ती, आणि लँडेड म्हणून टेकलं ती. लँडेडमधून एटीडी वजा करा, हवेतला खरा वेळ मिळाला. पाच-सहा दिवसांचा काढा, मधला आकडा धरा. एक काळजी घ्या, काही ठिकाणी वेळ यूटीसीमध्ये असते, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी दोनचं विमान सकाळी साडेआठला दिसलं तर ॲप चुकलेलं नाही, साडेपाच मिळवा. तिथं वाटेची रेघ पण दिसते, ती दाबून बघा, लोहगाव वायुदलाचं असल्यामुळे आणि मुंबईच्या ठरलेल्या वाटा असल्यामुळे विमान अगदी त्या दोरीवरून जाईलच असं नाही.

आणि उशीर किती होतो तेही त्याच यादीत कळतं. ते बघितल्याशिवाय त्याच दिवशीची डॉक्टरची, मुलाखतीची, कोर्टाची वेळ घेऊ नका. मी घेतली होती.

घरापासून घरापर्यंत

शेवटी तुम्हाला हवा असतो तो वेळ हाच. जुळे सोलापूरहून किंवा सात रस्त्याहून विमानतळ पंधरा-वीस मिनिटं, हे आपलं सुख आहे, पुण्या-मुंबईकरांना सांगा म्हणजे जळतील. काउंटर बहुतेक कंपन्या सुटायच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद करतात, तिकिटावर बघून घ्या, म्हणजे तुम्हाला सव्वा ते दीड तास आधी तिथं असायला हवं. गेट ते गेट एक-सव्वा तास. उतरून बाहेर यायला नुसत्या पाठीवरच्या बॅगेने पंधरा मिनिटं, पट्ट्यावरची बॅग घ्यायची असेल तर अर्धा तास. पुढे दादरला टॅक्सी पाऊण तास ते दीड तास, मुंबईची मर्जी. बेरीज साडेतीन ते पाच तास.

आता वंदे भारत साडेसहा तासांच्या आसपास घेते, घर ते स्टेशन आणि पुढचं धरून साडेसात. म्हणजे विमानाने खरे वाचले अडीच तास, फार तर चार म्हणा. २७ मिनिटं विरुद्ध साडेसहा तास असं डोक्यात ठेवून तिकीट काढलं की निराशा होणारच. आणि सिद्धेश्वर एक्सप्रेस तर रात्री झोपून सकाळी मुंबईत, तिचा वेळ मी धरतच नाही. सकाळची अपॉइंटमेंट असेल तर मी आजही सिद्धेश्वरनेच जाईन. विमान घ्यायचं ते त्याच दिवशी परत यायचं नसेल, दुपारचं काम असेल, किंवा सोबत म्हातारं माणूस असेल ज्याला रात्रभर बर्थवर झोप लागत नाही.

पट्ट्यावरच्या बॅगेवरून आठवलं. मामींनी मुंबईच्या नातेवाइकांसाठी शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या दिल्या होत्या. तिखट हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, अडकवून बसतात, म्हणून मी चटणी मोठ्या बॅगेत टाकली आणि ती चेक-इन केली. त्या अर्ध्या किलो चटणीसाठी आम्ही मुंबईत पट्ट्यापाशी पंचवीस मिनिटं उभे. चटणी न्यायची तर ही पंचवीस मिनिटं हिशोबात लिहा, हा काही विनोद नाही.

जवळच्या गावांचं थोडक्यात. हैदराबाद हवाई २६८, रस्त्याने तीनशेच्या थोडं वर, पाच-साडेपाच तास. वरच्या हिशोबाने पंख्याच्या विमानाला गेट ते गेट एक तास, आणि तिथला शमशाबादचा विमानतळ गावाबाहेर, तिथून सिकंदराबादला जायला परत तास-दीड तास. ज्यांची माणसं तिकडं आहेत आणि सोलापुरात ती घरोघरी आहेत, त्यांनी गाडीनेच जावं. कोल्हापूर २०५, पुणे २३८, या दोन्हीला विमानाचा विचारच करू नका, चढतंय तोवर उतरायला लागेल. पुण्याला जायला हुतात्मा एक्सप्रेसला नाव ठेवायला जागा नाही.

आणि ते मुंबईचं राहिलं होतं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, त्याचा कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. सोलापूरपासून नवी मुंबई हवाई ३४० च्या आत, म्हणजे वीसेक किलोमीटर जवळ, हवेत दोन मिनिटांचासुद्धा फरक नाही. जमिनीवर मात्र एक उलव्याला, पनवेलच्या बाजूला, आणि दुसरं अंधेरी-सांताक्रूझला. वाशी, खारघर, पनवेलला काम असेल तर एनएमआयचं तिकीट मिळतंय का ते आधी बघा, दादर, वांद्रे, बोरिवली असेल तर बीओएम. तिकीट काढताना मुंबई एवढंच टाकलं तर दोन्हींची विमानं एकाच यादीत येऊ शकतात आणि स्वस्त दिसेल त्यावर बोट जातं. मामांचा पुढचा चेकअप मार्चात आहे, या वेळी मी आधी दवाखान्याचा पत्ता नकाशात टाकला, मग कोड बघितला, आणि डॉक्टरची वेळ दुसऱ्या दिवशीची घेतली.